कुष्ठरोग, त्वचा आणि आत्मविश्वास (चंद्रपूर व गडचिरोली जिल्हे)

त्वचेचे दृश्य रूप आणि व्यक्तीचा आत्मविश्वास यांचा परस्परसंबंध हा त्वचाविज्ञान, मानसशास्त्र आणि समाजशास्त्र या तिन्ही शास्त्रांचा विषय आहे. महाराष्ट्रात या संबंधाचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे पूर्व विदर्भातील कुष्ठरोग आणि त्याभोवती उभे राहिलेले पुनर्वसनाचे कार्य. चंद्रपूर जिल्ह्यातील वरोऱ्याजवळचे आनंदवन, मूलजवळचे सोमनाथ आणि गडचिरोली जिल्ह्यातील हेमलकसा ही या कार्याची प्रमुख केंद्रे होत. त्वचेवरील एका चट्ट्यामुळे माणूस घर, गाव आणि स्वतःचे नाव यांना पारखा होऊ शकतो, हा येथील अनुभव आहे. त्वचा पूर्ववत न होताही आत्मविश्वास परत मिळू शकतो, हेही याच भूमीत दिसून आले.

संज्ञा

मराठीत या रोगाला महारोग, रक्तपिती, कुष्ठ अशी अनेक नावे आहेत. संस्कृत वैद्यक ग्रंथांत ‘कुष्ठ’ हा शब्द एकाच रोगासाठी नसून अनेक त्वचाविकारांच्या समूहासाठी येतो. याच शब्दापासून प्राकृतातील ‘कोढ’ आणि त्यावरून मराठीतील ‘कोड’ हा शब्द आला. मात्र आजच्या मराठीत ‘कोड’ म्हणजे त्वचेवरील पांढरे डाग. हा विकार संसर्गजन्य नाही आणि त्याचा कुष्ठरोगाशी काहीही संबंध नाही. तथापि शब्दांचे मूळ एक असल्याने समजुतींचीही सरमिसळ झाली असावी. कोड असलेल्या मुलीच्या विवाहात येणाऱ्या अडचणींचे एक मूळ या भाषिक गोंधळात शोधता येईल.

‘महारोगी’ हा शब्द आता अपमानास्पद मानला जातो. त्याऐवजी ‘कुष्ठरुग्ण’, ‘कुष्ठबाधित’ आणि उपचार पूर्ण झाल्यावर ‘कुष्ठमुक्त’ असे शब्द वापरले जातात. जुन्या संस्थांच्या नावांत मात्र तो टिकून आहे, कारण त्या संस्था स्थापन झाल्या तेव्हा हाच शब्द रूढ होता.

रोगाचे स्वरूप

कुष्ठरोग मायकोबॅक्टेरियम लेप्री या जिवाणूमुळे होतो. १८७३ मध्ये नॉर्वेतील वैद्य गेरहार्ड आर्मौर हॅन्सन यांनी त्याचा शोध लावला. रोग आनुवंशिक नाही, तसेच तो पापाचे फळही नाही. उपचार न घेतलेल्या रुग्णाच्या दीर्घ सहवासात, प्रामुख्याने नाकातोंडावाटे उडणाऱ्या तुषारांतून त्याचा प्रसार होतो. बहुसंख्य माणसांमध्ये त्याविरुद्ध नैसर्गिक प्रतिकारशक्ती असते. संसर्गानंतर लक्षणे दिसण्यास सरासरी पाच वर्षे, तर काही वेळा वीस वर्षांपर्यंत काळ जातो.

रोगाचे पहिले चिन्ह बहुधा त्वचेवर उमटते. ते म्हणजे फिकट किंवा तांबूस रंगाचा चट्टा. तो खाजत नाही, दुखत नाही, त्यावर घाम येत नाही आणि स्पर्श जाणवत नाही. न दुखणाऱ्या गोष्टीसाठी दवाखाना गाठण्याची रीत आपल्याकडे नाही, आणि शेती वा जंगलावर पोट असणाऱ्या माणसाला तर एक दिवसाची मजुरी बुडवणेही परवडत नाही. त्यामुळे सर्वांत सहज बरा होण्याचा काळ दुर्लक्षात निघून जातो.

रोगाच्या दुसऱ्या एका प्रकारात स्पष्ट चट्टे नसतात. चेहऱ्याची त्वचा तेलकट, तुकतुकीत व तांबूस दिसू लागते, कानाच्या पाळ्या जाड होतात आणि भुवया बाहेरच्या बाजूने विरळ होत जातात. आरंभी अशा चेहऱ्यावर ‘तेज’ आल्याचाही भास होऊ शकतो. चांगली दिसणारी त्वचा निरोगी असतेच असे नाही, याचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण. वास्तविक याच प्रकारात शरीरातील जिवाणूंची संख्या सर्वाधिक असते.

रोगाचे खरे नुकसान त्वचेत नव्हे, तर चेतातंतूंत होते. तंतू निकामी झाल्याने हातापायांची संवेदना जाते, बोटे आखडतात, पाऊल लुळे पडते, डोळ्याची पापणी मिटत नाही. बोटे ‘झडतात’ ही समजूत चुकीची आहे. बधिर हाताला चुलीचा चटका किंवा बधिर पायाला काटा कळत नाही, जखम चिघळते, आणि वारंवार होणाऱ्या जखमांमुळे हाडे आखूड होत जातात.

त्वचा आणि स्वप्रतिमा

त्वचा हा शरीराचा सर्वांत मोठा आणि सर्वांत उघडा अवयव आहे. हृदयविकार झाकता येतो, चेहऱ्यावरचा डाग झाकता येत नाही. अमेरिकेत कार्य केलेले समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांनी १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात ‘कलंक’ या संकल्पनेची मांडणी केली. एखादे चिन्ह माणसाच्या इतर सर्व गुणांवर मात करते आणि लोक त्या चिन्हालाच माणूस समजू लागतात, असा त्यांच्या विवेचनाचा आशय आहे. पुढील अभ्यासकांनी त्यात आणखी एक भेद केला. समाज दूर लोटतो तो बाह्य कलंक. आणि कोणी काही बोलण्यापूर्वीच माणूस स्वतःला कमी लेखून मागे सरतो, तो अंतर्गत कलंक.

कुष्ठरोगात हे दुसरे स्वरूप विशेष घातक ठरते. चट्टा दिसताच रुग्ण तो झाकू लागतो. पूर्ण बाह्यांचा सदरा घालणे, पदर पुढे ओढणे, लग्नकार्याला न जाणे, पंगतीत शेवटी बसणे अशी त्याची चिन्हे असतात. लपवण्यामुळे निदान लांबते, निदान लांबल्याने विकृती येते आणि विकृतीमुळे ज्या बहिष्काराची भीती असते तो खरोखरच वाट्याला येतो.

त्वचाविकारांचा जीवनावरील परिणाम मोजण्यासाठी कार्डिफ येथील फिन्ले आणि खान यांनी १९९४ मध्ये दहा प्रश्नांची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. तिच्यात ० ते ३० असे गुण असतात आणि गुण जितके अधिक तितका जीवनावरील परिणाम अधिक. कपड्यांची निवड, संकोच, कामकाज, नातेसंबंध असे विषय तिच्यात येतात. त्यांत खेळाविषयीही एक प्रश्न आहे. उन्हाळाभर तेंदूपाने तोडणाऱ्या बाईला तो विचारला, तर ती विचारणाऱ्याच्या तोंडाकडे पाहत राहील. कुष्ठरोगासारख्या स्थितींसाठी अठरा प्रश्नांची ‘सहभाग मापनपट्टी’ अधिक उपयुक्त मानली जाते. गावातील इतरांप्रमाणे आपल्याला काम मिळते का, सणसमारंभात बोलावणे येते का, आपल्या शब्दाला मान आहे का, अशा अंगाने ती प्रश्न विचारते. त्वचेपेक्षा त्वचेमुळे हिरावलेल्या स्थानाकडे तिचे लक्ष असते.

प्रादेशिक पार्श्वभूमी

२६ ऑगस्ट १९८२ रोजी तत्कालीन चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. दोन्ही जिल्ह्यांत वनक्षेत्र मोठे असून गडचिरोलीचा बहुतांश भाग वनाच्छादित आहे. गोंड, माडिया, परधान आदी आदिवासी समाज येथे राहतात. भातशेती, मोहफुले व तेंदूपाने वेचणे, बांबूकाम ही उपजीविकेची साधने होत. उन्हाळ्यात चंद्रपूर परिसरातील तापमान ४५ अंश सेल्सियसच्या पुढे जाते. ऊन, काटे, चिखल आणि अनवाणी चालणे यांमुळे त्वचेला इजा होणे येथे नित्याचे आहे. म्हणूनच संवेदना गमावलेल्या माणसाला येथील दैनंदिन काम अधिक धोक्याचे ठरते.

पूर्व विदर्भातील जिल्हे कुष्ठरोगाचा अधिक प्रादुर्भाव असलेल्या जिल्ह्यांत गणले जातात. शेजारच्या वर्धा जिल्ह्यात या रोगाविषयीचे संस्थात्मक कार्य आधी सुरू झाले. मनोहर दिवाण यांनी १९३६ मध्ये वर्ध्याजवळ दत्तपूर येथे कुष्ठधाम सुरू केले. सेवाग्राम आश्रमात संस्कृत पंडित परचुरे शास्त्री यांना आश्रय देऊन महात्मा गांधी स्वतः त्यांची शुश्रूषा करीत. गांधीजींनी आपल्या विधायक कार्यक्रमातही कुष्ठरुग्णांच्या सेवेचा समावेश केला. त्यांच्या निधनानंतर १९५१ मध्ये वर्धा येथे गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान स्थापन झाले. अमरावती येथे शिवाजीराव पटवर्धन यांनी तपोवन ही संस्था उभी केली.

आनंदवन

मुरलीधर देविदास तथा बाबा आमटे (२६ डिसेंबर १९१४ – ९ फेब्रुवारी २००८) यांचा जन्म हिंगणघाट येथे झाला. ते वरोरा येथे वकिली करीत. तेथील नगरपालिकेचे उपाध्यक्ष असताना त्यांनी सफाई कामगारांबरोबर मैला वाहण्याचे काम केले. त्या काळात पावसात पडलेला, हातापायांची बोटे गमावलेला तुळशीराम नावाचा रुग्ण त्यांच्या दृष्टीस पडला आणि ते भीतीने दूर पळाले. या भीतीची लाज वाटून ते परतले व त्याची शुश्रूषा केली, असा प्रसंग त्यांच्या सर्व चरित्रांत येतो. पुढे त्यांनी कलकत्ता येथील स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये कुष्ठरोगाचे शिक्षण घेतले. या प्रसंगात भीती होती ती धडधाकट माणसाच्या मनात. कलंकाचा अर्धा भाग पाहणाऱ्याच्या डोळ्यांत असतो, हे आनंदवनाच्या इतिहासात वारंवार प्रत्ययास येते.

महारोगी सेवा समितीची स्थापना १९४९ मध्ये झाली. वरोऱ्याजवळच्या खडकाळ, झुडपी जमिनीवर सहा रुग्ण, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये एवढ्या सामग्रीवर बाबा व साधनाताई आमटे यांनी वसाहतीला आरंभ केला. १९५१ मध्ये विनोबा भावे यांच्या हस्ते आनंदवनाचे उद्घाटन झाले. पहिले काम विहीर खोदण्याचे होते आणि ते रुग्णांनीच केले. दान माणसाला परावलंबी बनवते, श्रम त्याला उभे करतात, ही आमटे यांची धारणा होती. त्यामुळे येथे रुग्णांना भिक्षेऐवजी काम मिळाले.

वसाहतीत भाजीपाला व दूध उत्पन्न होऊ लागले, तेव्हा वरोऱ्यातील नागरिक ते विकत घेण्यास कचरत. पिकवणाऱ्याची त्वचा ग्राहकाला भाजीवर दिसत होती, असे म्हणावे लागेल. १९५०च्या दशकात सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल या संस्थेचे परदेशी स्वयंसेवक येथे शिबिरासाठी आले, रुग्णांच्या खांद्याला खांदा लावून त्यांनी बांधकाम केले आणि तेथील अन्न खाल्ले. त्यानंतर गावाचा संकोच हळूहळू मावळला. एका दृष्टीने ही गोष्ट अभिमानाची नाही. शेजाऱ्याच्या हातचे खाण्यासाठी आपल्या माणसांना परदेशी पाहुण्यांची साक्ष लागली.

पुढे वसाहतीने आनंद निकेतन महाविद्यालय उभारले. कुष्ठमुक्तांच्या श्रमांतून उभ्या राहिलेल्या वास्तूत परिसरातील निरोगी कुटुंबांची मुले शिकू लागली. देणारा आणि घेणारा यांची अदलाबदल झाली. आत्मविश्वासाच्या दृष्टीने ही घटना कोणत्याही उपचाराइतकीच महत्त्वाची मानली पाहिजे. हातमाग, यंत्रमाग, सुतारकाम, चपला तयार करणे, मुद्रण असे उद्योग वाढले. आकुंचित बोटांनीही चालवता येतील अशी अवजारे व कामाच्या पद्धती शोधल्या गेल्या. कुष्ठमुक्तांचे विवाह होऊन संसार उभे राहिले. दृष्टिहीन, कर्णबधिर व अस्थिव्यंग व्यक्तींचाही वसाहतीत समावेश झाला. डॉ. विकास आमटे यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या ‘स्वरानंदवन’ या वाद्यवृंदातून हे कलाकार राज्यभरच्या रंगमंचांवर उभे राहिले. ज्यांनी चेहरा लपवला होता, ते प्रकाशझोतात आले.

१९६७ मध्ये मूलजवळ सोमनाथ प्रकल्प सुरू झाला. तेथे कुष्ठमुक्तांनी जंगलाच्या कडेला शेती उभी केली. उन्हाळ्यात भरणाऱ्या श्रमसंस्कार छावणीत महाविद्यालयीन युवक-युवती त्यांच्याबरोबर राहतात व काम करतात. बाबा आमटे यांना १९८५ मध्ये रॅमन मॅगसेसे पुरस्कार, १९८६ मध्ये पद्मविभूषण आणि १९९० मध्ये टेम्पल्टन पुरस्कार मिळाला. साधनाताईंनी ‘समिधा’ या आत्मकथनात या सहजीवनाची कथा सांगितली आहे.

आनंदवनाविषयी एक आक्षेपही घेतला जातो. रुग्णांची स्वतंत्र वसाहत केल्याने समाजापासूनचे अंतर कायम राहते, असा त्याचा आशय आहे. प्रभावी औषधे उपलब्ध नसताना आणि घराची दारे बंद असताना दुसरा पर्याय नव्हता, हे खरे. मात्र आज उपचार घरी राहूनच होतात आणि नव्या रुग्णाला वसाहतीत पाठवण्याचे कारण उरलेले नाही. जुन्या पिढीतील अनेकांना मात्र बरे झाल्यावरही घरून बोलावणे आले नाही.

हेमलकसा आणि भामरागडचा प्रदेश

२३ डिसेंबर १९७३ रोजी भामरागडजवळ हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्पाचा आरंभ झाला. डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांना २००८ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. हा प्रकल्प कुष्ठरोगापुरता मर्यादित नाही. भाजणे, अस्वलाच्या हल्ल्यात चेहरा फाटणे, खरूज, गजकर्ण, चिघळलेल्या जखमा अशा त्वचेशी संबंधित समस्याही येथील दवाखान्यात येतात. प्रकल्पाच्या उभारणीत आनंदवनातील कुष्ठमुक्त कार्यकर्त्यांचा सहभाग होता. एकेकाळी ज्यांना गावाने बाहेर काढले, ते दुसऱ्यांच्या सेवेसाठी अरण्यात गेले.

माडिया व गोंड स्त्रियांमध्ये गोंदणाची परंपरा आहे. कपाळ, हनुवटी, हात व पाय यांवर गोंदलेली चिन्हे अलंकार समजली जातात आणि मृत्यूनंतर सोबत येणारे धन तेवढेच, अशी श्रद्धा आढळते. त्वचेवरची खूण येथे ओळख आणि अभिमान देते. शहरी शिक्षण घेणाऱ्या नव्या पिढीत मात्र याच गोंदणाचा संकोच वाटू लागल्याचे दिसते. खूण तीच, पाहणारे डोळे बदलले.

उपचार आणि त्वचेचा बदलणारा रंग

आयुर्वेदात कुष्ठावर तुवरक म्हणजे कडू कवठाच्या बियांचे तेल सांगितले आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आधुनिक वैद्यकानेही याच जातीच्या झाडांचे चौलमुग्रा तेल वापरले. १९४०च्या दशकात डॅप्सोन आले. जिवाणू त्याला दाद देईनासे झाल्यावर जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ मध्ये रिफाम्पिसिन, क्लोफाझिमिन व डॅप्सोन यांच्या एकत्रित उपचाराची शिफारस केली. हा बहुविध औषधोपचार रोगाच्या प्रकारानुसार सहा किंवा बारा महिने चालतो आणि शासकीय आरोग्य केंद्रांत विनामूल्य मिळतो. उपचार सुरू झाल्यावर अल्पावधीतच रुग्णापासून संसर्गाचा धोका राहत नाही. भारतात राष्ट्रीय पातळीवर प्रति दहा हजार लोकसंख्येमागे एकाहून कमी रुग्ण हे उद्दिष्ट डिसेंबर २००५ मध्ये गाठले गेले. तरीही जगातील नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक भारतात आढळतात.

या उपचारातील क्लोफाझिमिनमुळे त्वचा तांबूस-काळी पडते व कोरडी होते. चट्ट्यांच्या जागी हा रंग अधिक गडद दिसतो. रोग बरा होत असताना रूप मात्र बिघडल्यासारखे वाटते आणि जे लपवायचे होते तेच उठून दिसते. गोरेपणाला मोल देणाऱ्या समाजात, विशेषतः लग्नाच्या वयातील मुलींच्या बाबतीत, औषध मध्येच सोडण्याचे हे एक कारण ठरते. औषध संपल्यावर काही महिन्यांत रंग हळूहळू निवळतो, ही गोष्ट पहिल्याच दिवशी सांगणे आवश्यक असते. गोळ्यांचे पाकीट देणारा कर्मचारी हे एक वाक्य सांगतो की नाही, यावर उपचार पूर्ण होणे पुष्कळदा अवलंबून असते.

बधिर त्वचेची निगा

सौंदर्यप्रसाधनांच्या जाहिरातींमुळे ‘त्वचेची निगा’ या शब्दांचा अर्थ संकुचित झाला आहे. कुष्ठमुक्त व्यक्तीसाठी ही निगा म्हणजे हातपाय वाचवण्याचा नित्यक्रम होय. रोज पंधरा-वीस मिनिटे हातपाय साध्या पाण्यात भिजवणे, घट्टे खरखरीत दगडाने हलके घासणे, ओलसर त्वचेला खोबरेल किंवा अन्य साधे तेल चोळणे आणि तळवे नीट न्याहाळणे हे त्यातील टप्पे आहेत. तळवा दिसत नसल्यास आरसा घ्यावा किंवा घरच्या माणसाला पाहण्यास सांगावे. पाणी गरम नसावे, कारण चटका कळत नाही. चुलीवरचे भांडे फडक्याने धरावे. मऊ सूक्ष्मछिद्री रबराचा तळ असलेल्या विशेष चपला (एमसीआर चप्पल) वापराव्यात. या चपला पाहताच गाव ओळखते, म्हणून काही जण त्या घालत नाहीत. यामुळे पुढे त्या नेहमीच्या चपलांसारख्या दिसतील अशा बनवण्याचे प्रयत्न झाले.

आखडलेली बोटे, लुळे पाऊल किंवा न मिटणारी पापणी यांवर पुनर्रचना शस्त्रक्रिया करता येते. वेल्लोर येथे डॉ. पॉल ब्रँड यांनी या शस्त्रक्रियांचा पाया घातला. विरळ झालेल्या भुवयांचे रोपणही केले जाते. ते वरवरचे वाटेल, परंतु भुवया नसलेला चेहरा बाजारात ओळखू येतो, हे ध्यानात घेतल्यास त्याचे महत्त्व पटते.

शाळा

शालेय वयातील मुलांच्या चेहऱ्यावर फिकट डाग अनेकदा दिसतात आणि त्यांतील बहुतेक निरुपद्रवी असतात. डागावर स्पर्श जाणवतो का, हे तपासण्याचे काम आरोग्य कर्मचाऱ्याचे आहे. शिक्षकाने वर्गासमोर मुलाला उभे करून डाग पाहू नये. पालकांशी एकांतात बोलावे आणि उपचार सुरू झाल्यावर मुलाची जागा बदलू नये. शेवटच्या बाकावर एकट्याने बसवलेले मूल बरे होऊनही शाळेत परत येईलच, याची खात्री नसते.

गोरेपणाचा बाजार

दोन्ही जिल्ह्यांतील आठवडी बाजारांतही आता गोरे करणारी मलमे मिळतात. १९७५ मध्ये भारतीय बाजारात आलेल्या ‘फेअर अँड लव्हली’ या प्रसिद्ध मलमाचे नाव २०२० मध्ये ‘ग्लो अँड लव्हली’ असे बदलण्यात आले. त्याहून गंभीर प्रश्न स्टेरॉइडयुक्त मलमांचा आहे. वैद्यकीय सल्ल्याविना दीर्घकाळ लावल्यास त्वचा पातळ होते, चेहरा लालसर राहतो, मुरुमे येतात आणि गजकर्णाचे मूळ रूप झाकले जाऊन निदान अवघड होते. अशा मलमांची चिठ्ठीविना विक्री रोखण्यासाठी केंद्र शासनाने २०१८ मध्ये नियम कडक केले.

कायद्यातील स्थान

१८९८ च्या कायद्याने कुष्ठरुग्णांना सक्तीने वेगळे ठेवण्याची तरतूद केली होती. रोग बरा होऊ लागल्यानंतरही तो कायदा बराच काळ टिकून राहिला आणि २०१६ मध्ये केंद्रीय पातळीवर रद्द झाला. हिंदू विवाह कायद्यासह विविध वैयक्तिक कायद्यांत कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण मानले जाई. २०१९ च्या दुरुस्तीने ते वगळण्यात आले. म्हणजे औषध उपलब्ध झाल्यावर जवळपास चार दशके कायद्याच्या पुस्तकात हा रोग असाध्य राहिला होता. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये कुष्ठमुक्त व्यक्ती आणि ॲसिड हल्ल्याने पीडित व्यक्ती या दोहोंचा दिव्यांगांच्या प्रवर्गांत समावेश आहे.

सद्यःस्थिती

महात्मा गांधींच्या पुण्यतिथीला, ३० जानेवारी रोजी, देशभर कुष्ठरोगविरोधी दिन पाळला जातो आणि २०१७ पासून त्यानिमित्त ‘स्पर्श’ जनजागृती मोहीम राबवली जाते. शोधमोहिमांत आशा कार्यकर्त्या व पुरुष स्वयंसेवक घरोघरी जाऊन तपासणी करतात. स्त्रियांची तपासणी स्त्रीनेच करावी, असा दंडक आहे, कारण पाठ व मांडीवरचे चट्टे एरवी दाखवलेच जात नाहीत. रुग्णाच्या निकट संपर्कातील व्यक्तींना प्रतिबंधासाठी रिफाम्पिसिनची एक मात्रा देण्यात येते. त्यासाठी रुग्णाने आपल्या आजाराविषयी घरच्यांना व शेजाऱ्यांना सांगू देण्यास संमती द्यावी लागते. गडचिरोलीच्या दुर्गम भागात पावसाळ्यात नद्यानाल्यांमुळे गावांचा संपर्क तुटत असल्याने पथकांना भेटी पावसाळ्यापूर्वी किंवा नंतर आखाव्या लागतात.